फुकटवाल्यांची पोस्टिंग

"फुकटवाल्या, उतरा."

सर बसच्या दारात उभे राहून म्हणाले. ओरडून नाही. कंडक्टर गावाचं नाव घेतो तसं, सहज. बसमध्ये आम्ही जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, तिसऱ्या वर्षाच्या सगळ्या पोरी होतो. अंगात कॉलेजचा युनिफॉर्म, छातीवर नावाची पट्टी, मांडीवर बॅग. कम्युनिटी पोस्टिंग होती. म्हणजे गावात जायचं, घरोघर फिरायचं, गरोदर बाया पाहायच्या, लेकरांचं वजन करायचं, म्हाताऱ्यांचं बीपी घ्यायचं. ही पोस्टिंग पूर्ण झाली अशी सही मिळाल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. पण बस गावाच्या अलीकडेच थांबली होती. दोन्ही बाजूंना पाणी भरलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. रोवणी, रोपांची लावणी, चालू होती.

फुकटवाल्या म्हणजे आम्ही. ज्यांची फी सरकार भरते त्या. मी ढिवराची. सुमन देवरीकडची, गोंडाची. बाकी चौघींची घरंही अशीच, जिथं धान दुसऱ्याचा आणि कंबर आपली. वर्गात हजेरी घेताना आमची नावं होती. बसमध्ये नव्हती.

"बॅगा इथंच ठेवा," सर म्हणाले. "चिखलात खराब होतात."

मागच्या सीटवरची एक जण खिडकीतून म्हणाली, "साडी आणली का गं?" तिच्या बाजूच्या हसल्या. साडी आणली होती. आदल्या दिवशी कॉलेजच्या मॅडमनी निरोप दिला होता, जुने कपडे आणा म्हणून. आम्ही बसच्या आडोशाला गेलो आणि युनिफॉर्म काढून जुन्या साड्या नेसलो. ड्रायव्हर गोंदियाचा, वयस्कर माणूस. त्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं आणि बिडी पेटवली. तेवढी लाज त्याला होती. मग बाकीच्यांना घेऊन बस गावात गेली आणि आम्ही सहा जणी धुऱ्यावर, बांध्यांमधल्या बांधावर, उभ्या राहिलो.

बांध्या भाऊसाहेबांच्या. भाऊसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. कॉलेज त्यांचं, दवाखाना त्यांचा, बसही त्यांची. पहिल्या वर्षी असंच आणलं होतं तेव्हा सांगितलं, हे श्रमदान आहे, नर्सच्या अंगी सेवा पाहिजे. आम्ही मानलं. तेव्हा आम्ही काहीही मानत होतो. तिसऱ्या वर्षी श्रमदान हा शब्दही कोणी वापरला नाही.

आता माझं थोडं सांगते. मी शिकली आहे, पण बोलते आमच्या बोडीकाठच्या, तळ्याकाठच्या लोकांसारखंच. "गेले, आले" मला जमत नाही, मी "गेली, आली" म्हणते. मॅडम यावरूनही हसायच्या. हसू दे.

माझा बाप बोदलकसाच्या तलावात मासोळी धरतो. शाळेत माझ्या बाजूला बसायला कोणी तयार नसे. वास येते म्हणत. वास येत असेलही. आमच्या घरात, कपड्यात, चुलीत मासोळीच होती, तर चंदनाचा कुठून येणार. मी सातवीत असताना बापाच्या हातात मासोळीचा काटा घुसला आणि हात कोपरापर्यंत सुजला. उपकेंद्राच्या सिस्टर रोज घरी येत. आमच्या खाटेवर बसत. पू पिळून काढत, धूत, पट्टी बांधत. मी त्यांच्या नाकाकडं पाहत राहायची. त्यांनी एकदाही नाकाला पदर लावला नाही. जाताना चहा मागून पीत. तेव्हाच मी ठरवलं की मला हीच बाई व्हायचं आहे.

बारावी झाली. मायनं साऱ्या मोहल्ल्यात सांगून टाकलं, पोरगी सिस्टर होऊन राहिली म्हणून. नंबर लागला तेव्हा मी गोंदियाला गेली. कॉलेजच्या भिंतीवर मोठी अक्षरं, स्वतःचा सुसज्ज दवाखाना. दवाखाना आहे, खोटं नाही. खाटा आहेत, चादरी आहेत, सलाईनच्या दांड्या आहेत. पेशंट नाहीत. तपासणीवाले येणार असले की भाऊसाहेबांच्या शेतावरचे मजूर ट्रॅक्टरनं आणून खाटांवर झोपवत आणि आम्ही त्यांच्या उशाशी उभ्या राहायच्या. एक म्हातारा घाबरून माझा हात धरून विचारत होता, "पोरी, सुई तं नाई ना टोचणार?"

मी म्हटलं, "भिऊ नको बाबा. आमाले टोचताच येत नाई."

तो हसला. मी नव्हती हसली. खरंच येत नव्हतं. सरकारी दवाखान्यात अधूनमधून पाठवत, पण तिथं चार कॉलेजांच्या पोरी एका खाटेभोवती. मी बुटकी. टाचा वर करकरून सिस्टरचा खांदा तेवढा पाहिला. बाकी वर्गात बसून लिहायचं. सुया, नळ्या, पट्ट्या, सगळं वहीत. तक्रार केली तर सही अडते. न करावी तर काही येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तर त्या दिवशी धुऱ्यावरून मी बांधीत पाय टाकला आणि समोर पाहिलं. रोवणीच्या बायांची ओळ लागली होती. ओळीत माझी माय होती.

आमच्या गावच्या बाया रोवणीच्या दिवसांत टोळी करून दुसऱ्या गावांना जातात. गाडी येते, भरून नेते. कोणाच्या बांधीवर जायचं ते त्यांनाही सकाळीच कळते. माय त्या दिवशी तिथं आली होती. मी कम्युनिटीला जाते म्हणून निघाली होती. तिनं वर पाहिलं. माझी साडी पाहिली, वर खोचलेली. हातातली परह्याची, धानाच्या रोपांची, पेंढी तशीच राहिली.

थोडी सरकली आणि बाजूला जागा केली. मी तिच्या बाजूला वाकली.

रोवणी मला येते. आठ वर्षांची असल्यापासून येते. तीन बोटांत परहा धरायचा, अंगठ्यानं चिखलात दाबायचा, मागं सरायचं. डोकं लागत नाही, कंबर लागते. त्या दिवशी मला स्वतःच्या हाताचा राग येऊन राहिला होता. थांब म्हटलं तरी हात थांबत नव्हता. तीन वर्षांत एका शिरेत सुई गेली नाही त्या हातानं, आणि परहा कसा सपसप जात होता.

जेवणाच्या सुट्टीत माय मला बोलली. धुऱ्यावर बसून आम्ही भाकर खाऊन राहिलो होतो.

"तुमाले मजुरी देते का?"

"नाई."

"मंग कायले करता?"

"सही भेटते. पोस्टिंगची."

तिनं घास खाल्ला. मग म्हणाली, "तुमी आल्या म्हणून आज आमच्या चार बाया सकाळीच वापस पाठवल्या. पोरी आहेत म्हणे, पुरे."

त्या चार बाया मला माहीत होत्या. एक तर माझी मोठी माय, म्हणजे मोठी काकू, माझ्या शाळेच्या चपला जिनं घेतल्या होत्या ती. मी फुकट वाकली म्हणून ती घरी बसली. मी भाकर खाली ठेवली. मी मायला म्हटलं, मला काय माहीत होतं. ती म्हणाली, "आता तं झालं ना माहीत." आमची माय अशीच बोलते.

दुपारी भाऊसाहेब आले. धुऱ्यावर छत्री धरून उभे राहिले. सोबत सर आणि दोन-तीन वर्गातल्या पोरी, फोन घेऊन. त्यांनी आमचे फोटो काढले. कॉलेजच्या ग्रुपवर ते नंतर आले, खाली लिहिलं होतं, ग्रामीण जीवनाचा अनुभव घेताना आमच्या विद्यार्थिनी. अनुभव. मी जन्मली ते काय विमानात.

भाऊसाहेब खुशीत होते. माझ्याकडं बोट दाखवून सरांना म्हणाले, "पाहा, हात कसा चालते पोरीचा. हे शिकवून येत नाही, रक्तात लागते. नर्स काय, कोणीही होते."

स्तुतीच केली त्यांनी. सर हसले, पोरीही हसल्या. मी वाकलेली होती, वर पाहायचं म्हटलं तर त्यांचे बूट दिसत होते. माझ्या बाजूला मायनं हे ऐकलं. सिस्टर होऊन राहिली म्हणून साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरलेली ती. तिचा हात थांबला नाही, पण तिनं लावलेले पुढचे तीन-चार परहे वर आले आणि पाण्यावर तरंगायला लागले. मी ते पुन्हा दाबले.

त्या संध्याकाळी मी काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशीही आली, वाकली. का आली विचाराल तर सहीसाठी. माझ्या घरात पहिल्यांदा कोणी इतकं शिकलं होतं आणि थोडंच राहिलं होतं. एवढ्यासाठी माणूस काय काय गिळते ते ज्याला गिळावं लागलं त्यालाच कळते.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. मायच्या पलीकडं गीता होती. आमच्याच गावची, माझ्यापेक्षा लहान, सातवा महिना. नवरा हैदराबादला मिस्त्रीच्या हाताखाली. रोवणी सुटली की मग वर्षभर असं काम मिळत नाही, म्हणून पोट घेऊन वाकत होती. सकाळपासून तिची ओळ वाकडी जाऊन राहिली होती.

"काय वं, काऊन असं करून राहिली?" माय म्हणाली.

"डोकं भल्लं दुखून राहिलं काकी. डोळ्यापुढं चमकते."

मग ती माझ्याकडं वळली. "तू तं नर्स शिकून राहिली ना? पाह्य ना, माहे पाय कसे झाले."

तिनं चिखलातून पाय काढला आणि पाण्यानं धुतला. दोन दिवस ती मायच्या पलीकडंच होती आणि मी तो पाय पाहिला नव्हता. गुडघाभर चिखलात सूज दिसत नाही. मी अंगठ्यानं दाबून पाहिलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. तिचा चेहराही सुजलेला होता, तो मी उन्हानं असेल म्हणून सोडला होता.

पुस्तकातलं पान माझ्या डोळ्यापुढं आलं. गरोदर बाई, सूज, डोकेदुखी, डोळ्यापुढं चमकणं, तर ताबडतोब रक्तदाब पाहावा. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. पुरा लिहिला होता मी, आकृतीसकट.

मी बांधीतून वर आली आणि गीताला घेऊन गावाकडं निघाली. माय मागून आली. सरपंचाच्या ओसरीत आमच्या वर्गाची कम्युनिटी चालू होती. म्हणजे पोरी चटईवर बसून वह्या भरून राहिल्या होत्या आणि सर खुर्चीवर चहा पीत होते. उंटावरून शेळ्या हाकायचं काम.

"कुठं निघालीस? बांधी झाली का?"

"सर, बीपीची मशीन पाहिजे. हिचं डोकं दुखते, पाय सुजले आहेत."

"आधी हात धू. चिखलाच्या हातानं मशीन धरायची नाही."

मी हात धुतले. ज्यांनी हाताला चिखल लावला तेच हात धू म्हणत होते आणि मी मुकाट्यानं नळावर जाऊन धुतले. याचा राग मला सगळ्यात जास्त येते, आजही.

पट्टा मी गीताच्या दंडाला बांधला. नळी कानात घातली. फुगा दाबला, काटा वर गेला. हवा सोडली, काटा खाली आला. मला काहीच ऐकू आलं नाही. माझाच श्वास ऐकू येत होता. पुन्हा केलं. काटा हलत होता आणि तो कुठं पकडायचा ते मला माहीत नव्हतं. वहीत होतं सगळं. कानात नव्हतं.

"मला येत नाही," मी म्हटलं. "कोणाला येते?"

नागपूरची एक हुशार पोरगी होती, दरवेळी पहिली येणारी. तिनं पट्टा घेतला. तिच्याही कपाळाला घाम आला. तिनं एक आकडा सांगितला, मग म्हणाली, नक्की नाही गं, मी अंदाजानं सांगितलं. भरलेली फी आणि फुकटची फी, दोन्ही तिथं सारख्याच निघाल्या. मग सगळ्यांनी सरांकडं पाहिलं.

सर खुर्चीवरून उठले नाहीत. "गरोदरपणात पाय सुजतातच. लिंबूपाणी द्या, सावलीत बसू द्या, मग जाईल बांधीत." सरांना बीपी घेता येत होतं की नव्हतं, मला माहीत नाही. उठले नाहीत एवढं पाहिलं.

मायनं एकशे आठला फोन लावायला सांगितलं. गाडी दुसरा पेशंट घेऊन गोंदियाला गेली होती, वेळ लागेल म्हणाले. गीता भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. ओसरीसमोर आमची बस उभी होती.

"सर, बसनं सरकारी दवाखान्यात नेतो."

"बस संस्थेची आहे. भाऊसाहेबांना विचारावं लागेल." त्यांनी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. "थांब जरा."

मी थांबली नाही. गीताच्या काखेत हात घातला, मायनं दुसरीकडून धरलं आणि आम्ही तिला बसमध्ये चढवलं. ड्रायव्हर चहाच्या टपरीवरून येत होता. त्यानं गीताचं तोंड पाहिलं आणि सरांना म्हणाला, "सर, मैं छोड़ के आता हूँ. पास में ही तो है." सर पायरीशी आले. मला म्हणाले, "खाली उतर. ही पोस्टिंग मी धरणार नाही. परीक्षेला कशी बसतेस ते पाहतो."

"नाही उतरत," मी म्हटलं.

इतकंच. त्यावेळी अंगात काही वीज वगैरे संचारली नव्हती. सही गेली हे मला कळलं होतं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

सरकारी दवाखान्यात सिस्टरनं गीताला पाहिल्या पाहिल्या खाटेवर घेतलं. पट्टा बांधला, हवा सोडली, आकडा ऐकून डॉक्टरला हाक मारली. सुई दिली, नळी टाकली. तिचे हात चालू होते आणि तोंडही. कोणी आणलं, किती दिवसांपासून दुखते, आधी कोणी तपासलं का. मी सांगितलं, मी जीएनएमला आहे, मी पाहत होती पण जमलं नाही.

"कितवं वर्ष?"

"तिसरं."

"तिसऱ्या वर्षाला बीपी घेता येत नाही? मग काय येते गं तुला?"

"रोवणी येते," मी म्हटलं.

तिला वाटलं मी उर्मटपणा करते. मग तिनं माझ्या पायांकडं पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखल वाळून पांढरा पडला होता. मायचे पायही तसेच, आणि गीताचेही.

गीताला गोंदियाला पाठवलं. माय सोबत गेली. मी जायला उठली तर सिस्टरनं मला बोलावून स्टुलावर बसवलं आणि पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. "नळी इथं ठेव, धमनीवर. हवा हळू सोड. पहिला ठोका कुठं लागते ते ऐक." मला नाही आलं. "पुन्हा." पुन्हा केलं. तिसऱ्या का चौथ्या वेळी ठोका ऐकू आला. टुक, टुक, टुक, आणि मग बंद. तिचा टेबलावरचा चहा अजून कोमट होता. एवढंसंच होतं ते. चहा थंड व्हायच्या आत शिकवता येते इतकं. आणि ते मला तीन वर्षं कोणी शिकवलं नाही.

मला रडू आलं. सिस्टरला वाटलं मी आनंदानं रडते. आनंद कुठला. मला इतका राग आला होता की समोर जे दिसेल ते फोडावं वाटत होतं.

गीता वाचली. लेकरू नाही वाचलं. डॉक्टर म्हणाले, बीपी बऱ्याच दिवसांपासून वाढलेलं असेल, आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. आधी म्हणजे मी दोन दिवस तिच्या बाजूला वाकलेली होती ते. मी नर्स असती तर तिला पहिल्याच दिवशी पाहिलं असतं. नर्सिंगची विद्यार्थिनी असती तरी पाहिलं असतं. पण मला तिथं नर्स म्हणून कोणी नेलंच नव्हतं.

आठवड्यानं मला ऑफिसात बोलावलं. मॅडम होत्या, भाऊसाहेब होते. भाऊसाहेबांचा आवाज मऊ होता.

"पेशंटला नेलं, चांगलं केलं. पण सरांचं ऐकायचं असते. शिस्त असते. सरांची माफी माग, राहिलेले दिवस पोस्टिंग कर, सही होऊन जाईल. तुम्ही आमच्या घरच्या पोरींसारख्या. घरच्या पोरी शेतात येत नाहीत का?"

"भाऊसाहेब, तुमची पोरगी कोणत्या बांधीत आहे?"

त्यांची पोरगी पुण्याला डॉक्टरकी शिकते, साऱ्या गोंदियाला माहीत आहे. मॅडम पंख्याकडं पाहायला लागल्या. भाऊसाहेबांचा आवाज बदलला.

"फुकट शिकता आणि वरून तोंड चालवता."

"फुकट नाही शिकत," मी म्हटलं. "माझी फी सरकार तुम्हाला देते. तुम्ही घेता. आणि शिकवत नाही. फुकट तर तुम्ही रोवून घेता."

हे मी असं सरळ म्हटलं नव्हतं. तुकड्यातुकड्यानं, मागंपुढं करत. पण म्हटलं. माफी मागितली नाही. सुमननं आणि बाकी चौघींनी पोस्टिंग पूर्ण केली. सुमनच्या मागं दोन लहान भाऊ आहेत, तिला पगार पाहिजे. मी तिला दोष देत नाही. जाताना ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि मग परीक्षेला बसली. मला बसू दिलं नाही.

मी तक्रार पाठवली. वरच्या ऑफिसात, रजिस्टर पोस्टानं. त्यांनी ती चौकशीसाठी आमच्याच कॉलेजकडं पाठवली. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं तोच पंच. मी पुन्हा पाठवली. पुन्हा पाठवीन.

घरी काही सोपं नाही. मायला वाटलं होतं एव्हाना मी कुठल्या तरी दवाखान्यात लागलेली असेन. परवा म्हणाली, "वरीस गेलं."

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हणणारी तू कोण? वरीस माहंबी गेलं."

तिचं बरोबर आहे. माझ्या एकटीचं वर्ष नव्हतंच ते. मग तीच म्हणाली, "गीतीपाशी जाऊन ये. एकटी बसून रायते ते." मी रोज जाते. सरकारी दवाखान्याच्या सिस्टरनं तिला गोळ्या दिल्या आहेत, बीपी पाहत राहायला सांगितलं आहे. मी जुनी मशीन विकत घेतली. तिचं पाहते, मग आजूबाजूच्या बायांचं पाहते. आता कान चुकत नाही.

सध्या ॲडमिशनचे दिवस आहेत. कॉलेजची गाडी भोंगा लावून गावोगाव फिरून राहिली आहे. आदिवासी, ढिवर, साऱ्यांच्या मोहल्ल्यात. फी नाही, होस्टेल आहे, नोकरीची हमी आहे. गाडी ज्या गावात जाते त्या गावात मी दुसऱ्या दिवशी जाते. पोरींना आणि त्यांच्या मायांना सांगते, नर्स व्हा, नक्की व्हा, पण आधी तपासणी नसलेल्या दिवशी त्यांचा दवाखाना पाहून या. खाटेवर पेशंट आहे का पाहा. तिसऱ्या वर्षाच्या पोरीपुढं आपला दंड करा आणि म्हणा, माझं बीपी सांग. नाही सांगता आलं तर तसंच उठून घरी या. काही जणी ऐकतात. काही म्हणतात, हिलेच परीक्षेतून काढलं म्हणून जळते.

गेल्या आठवड्यात भाऊसाहेबांचा माणूस तलावावर बापाकडं आला. पोरीला आवर म्हणाला. बाप जाळं सोडवून राहिला होता. तो म्हणाला, "तिलेच सांगा." मग तो माणूस आमच्या घरी आला. चांगलं बोलला. भाऊसाहेब सही द्यायला तयार आहेत, पुढच्या परीक्षेला बस, सर्टिफिकेट घे, नोकरीला लाग. फक्त हे गावोगाव फिरणं बंद कर.

मी म्हटलं, "सही द्या. शिकवल्याची नाही, पण माह्या हक्काची आहे, मी घेईन. परीक्षा देईन. सिस्टर होईन. पण फिरणं बंद नाई होत. आणि भाऊसाहेबाले सांगा, नोकरी लागल्यावर दर रोवणीले मी त्याच्याच धुऱ्यावर येईन, बांधीतल्या एकेका बाईले वर बोलावून बीपी पाहीन. अन् त्या बांधीत एखादी शिकणारी पोरगी दिसली, तं तिले तिथून हात धरून काढीन."

तो म्हणाला, असं बोलशील तर सही मिळणार नाही.

मी म्हटलं, मग सहीशिवाय येईन.

तो गेला. गाडीचा भोंगा उद्या कोणत्या गावात वाजणार ते मी विचारून ठेवलं आहे.